चेहऱ्यांची चोपडी

दिवाळीच्या सुमाराला आम्हा निवृत्तिवेतनधारकांना एक व्रत पाळावे लागते. आपण अजून जिवंत आहोत, हे सरकारला पटवून द्यायचे. पूर्वी त्यासाठी कर्जतला बँकेत जाऊन उभे राहावे लागे. साहेब चष्म्यावरून पाहत, ‘काय गुरुजी, बरे आहात ना?’ असे विचारीत, आणि कागदावर सही होई. आता ते काम घरबसल्या मोबाईल करतो. गेल्या वर्षी माझ्या नातवाने मला ओटीवर बसवले, मोबाईल तोंडासमोर धरला, डावीकडे पाहा, पापणी मिटा, असे सगळे सोपस्कार करवून घेतले. यंत्राने तीनदा मला नाकारले. तेहतीस वर्षे मुलांची हजेरी घेणाऱ्या मास्तराला एका यंत्राने असे गैरहजर ठरवावे, याची गंमत वाटली आणि थोडा रागही आला. शेवटी नातू म्हणाला, “आजोबा, उजेड कमी पडतोय. दिवा जरा वर धरा.” मी देवघरातली समई उचलून तोंडाजवळ नेली, आणि यंत्राची खात्री पटली. “झालं! तुम्ही तुम्हीच आहात,” असा निकाल नातवाने दिला आणि घर हसले.

मीही हसलो, पण ‘दिवा वर धरा’ हे शब्द मनातून जाईनात. कारण आमच्या याच घरात, याच ओटीवर, माझ्या आजीने एका रात्री दिवा मुद्दाम खाली धरला होता. ती हकिकत मी सांगणारच आहे. पण तिचा अर्थ नीट लागायचा तर आधी थोडे मागे, आपल्या या घाटाखालच्या मुलखाच्या इतिहासात जायला हवे.

‘चेहरेपट्टी’ हा शब्द आपण अगदी सहज वापरतो. मुलगी पाहून आलेली आत्याबाई ‘चेहरेपट्टी बरी आहे’ असे सांगते, तेव्हा आपण एका जुन्या सरकारी दप्तराचे नाव घेतो आहोत, हे तिच्या गावीही नसते. चेहरेपट्टी म्हणजे मुळात माणसाच्या वर्णनाची यादी. अकबराच्या फौजेत घोड्याला डाग देत आणि स्वाराचा चेहरा लिहून घेत: रंग कसा, नाक कसे, तीळ कुठे, व्रण कुठे. कारण उघड होते. पगार शंभर स्वारांचा घ्यायचा आणि हजेरीच्या दिवशी भाड्याची माणसे नि उसने घोडे उभे करायचे, ही मनसबदारांची जुनी खोड होती. पुढे हा शब्द मराठीत आला, दप्तरातून निसटला आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

या पद्धतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्याचा चेहरा लिहिला जाई तो समोर उभा असे, आपला चेहरा लिहून घेतला जात आहे हे त्याला माहीत असे, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळे. वाटसरूचे तसे नव्हते. घाटातल्या चौकीवर दस्तक दाखवले की त्याला वाट मोकळी. चौकीदार परवाना पाही. त्याच्या नाकाचे माप घेऊन ठेवीत नसे.

चेहऱ्यावर विसंबणे किती धोक्याचे, याचा सर्वांत मोठा दाखला आमच्याच घाटात घडला. पानिपतावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत, आज ना उद्या येतील, ही आशा महाराष्ट्राने सोडली नाही. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत कुंकू पुसले नाही. अशा वेळी एक कनोजी ब्राह्मण, सुखलाल त्याचे नाव, ‘मीच भाऊ’ म्हणून पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्याची चौकशी होऊन त्याला कैदेत टाकले होते. पण १७७६ साली रत्नागिरीहून तो सुटला, आणि कोकणातले किल्ले एकामागून एक त्याला वश होऊ लागले. बघता बघता वीस हजारांचा जमाव जमला आणि तोतया बोरघाटापर्यंत येऊन ठेपला. राजमाचीच्या परिसरात महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याला गाठले तेव्हा हे बंड मोडले. तो समुद्रमार्गे पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकामुळे आमच्या वडिलांच्या पिढीला ही कथा तोंडपाठ होती.

वीस हजार माणसे फसली, ती काय सगळी आंधळी होती? मुळीच नाही. त्यातल्या कित्येकांनी खऱ्या भाऊंना पाहिलेही असेल. चेहरा पुष्कळसा जुळत होता, आणि उरलेले अंतर मनाने भरून काढले. या तोतयाचा निकाल चेहऱ्याने लागला नाही. घरची माहिती कोणाला, जुनी ओळख कोणती, तू मूळचा कुठला, असे प्रश्न विचारून, साक्षी घेऊन तो लागला. ‘चेहरा जुळतो’ इथून चौकशी सुरू व्हावी; तिथे ती संपू नये. ही गोष्ट पेशवाईतल्या कारभाऱ्यांना कळत होती.

इंग्रज आले आणि त्यांनी ओळखीचे शास्त्र बनवले. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सहीऐवजी पंजाचा ठसा घेतला. सही नाकारता येते, हात नाकारता येत नाही, हा त्यातला विचार. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांचे वर्गीकरण एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेले. पण त्यातले गणित आणि मेहनत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांची होती. कलकत्त्याची ही विद्या मागाहून १९०१ साली लंडनच्या पोलिसांनी उचलली.

शास्त्र उत्तमच होते. प्रश्न होता तो चोपडीचा, म्हणजे कोणाची नोंद करायची आणि कशासाठी. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्याचे तत्त्व असे की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार. त्यांनी काही केलेले असो वा नसो, त्यांची नावे नोंदवहीत घालायची, त्यांनी हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे हवे तेव्हा घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आमच्या कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांवरही गुन्हेगारीचा हा शिक्का बसला. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल सरकारजमा झाले आणि कात पाडणे बंद पडले. तेव्हा ज्याचा धंदा गेला त्यालाच संशयित ठरवण्यात आले.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर रद्द झाला. त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. पण कायदा रद्द करणे सोपे. चोपडीतले नाव माणसांच्या मनातून पुसणे कठीण. माझ्या लहानपणी गावात कोणाची कोंबडी गेली तरी फौजदार पहिल्यांदा कातकरवाडीकडे वळे. मी मास्तर झालो तेव्हा वर्गात पेन्सिल हरवली की मुलांचे डोळे आपोआप कोपऱ्यात बसलेल्या दोन कातकरी पोरांकडे जात. एकदा माझेही गेले. पेन्सिल माझ्याच टेबलाच्या खणात सापडली. त्या पोराने माझ्याकडे कसे पाहिले, ते मी आजवर विसरलेलो नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी कोणा साहेबाने केलेली नोंद माझ्या डोळ्यांत येऊन बसली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

आता आजीची गोष्ट.

१९४२ च्या चळवळीत आमचा तालुका पेटला होता. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सर्वांचे भाई कोतवाल, वकील आणि माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष, भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने डोंगरातून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायला सुरुवात केली. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ पासून चालू होते. मुंबईच्या गिरण्यांची चाके त्या विजेवर फिरत. मनोरा पडला की मुंबईत धस्स होई. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावले. गावोगाव पोलीस फिरू लागले: हा माणूस पाहिलात का? तो माणूस पाहिलात का?

आमचे घर नेरळहून कशेळ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या आत. भात झोडून झाले होते, थंडी पडली होती. रात्री मागच्या दाराशी कोणीतरी हळूच हाक दिली, “आई, भाकर मिळंल का?” आजीच्या हातात रॉकेलची चिमणी होती. तिने दार उघडले, पण चिमणी पदराआड, पार गुडघ्याशी धरली. तांदळाच्या चार भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून पुढे केला. अंधारातल्या दोन हातांनी तो घेतला, आणि पावले डोंगराकडे गेली.

दोन दिवसांनी फौजदार आला. दारावर काठी आपटून विचारू लागला. आजी म्हणाली, “भाकर दिली, साहेब. भुकेल्याला देतोच आम्ही. त्वांड नाय पाह्यलं.” आजोबांना एक रात्र चौकीवर बसवून ठेवले आणि सोडून दिले. तो माणूस आझाद दस्त्यातला होता, की रानातला एखादा भुकेला लाकूडतोड्या, हे तिला मरेपर्यंत कळले नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात पोलिसांनी दस्त्याला घेरले; भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले. ती बातमी आली तेव्हा आजीने चूल पेटवली नाही, असे वडील सांगत.

मी लहानपणी तिला विचारले होते, “आजी, तू दिवा वर का नाही धरलास? कोण आहे ते बघायचं ना!” ती म्हणाली, “बघितलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं.”

वाचकहो, या एका वाक्यात मला आजच्या एका मोठ्या प्रश्नाची गुरुकिल्ली दिसते. माणसाचे डोळे ठरवून खाली पाहू शकतात. पाहिलेले विसरूही शकतात. यंत्राला हे दोन्ही जमत नाही. चेहरा ओळखणारे यंत्र माणसाच्या तोंडाची मापे घेते, दोन डोळ्यांतले अंतर, जबड्याची ठेवण, असे करीत चेहऱ्याचा एक लांबलचक आकडा बनवते, आणि तो आकडा साठवलेल्या आकड्यांशी ताडून पाहते. ‘हाच तो’ असे ते खरोखर म्हणतच नाही. ‘इतके इतके जुळते’ एवढेच म्हणते. किती जुळले म्हणजे पुरे, ते माणसाने ठरवायचे. दिल्ली पोलिसांनी २०२२ साली माहितीच्या अधिकाराखाली उत्तर दिले, की ८० टक्क्यांहून अधिक जुळले तर ते जुळले असे मानतात. ते वाचले आणि मला बोरघाटातला तोतया आठवला. ऐंशी टक्के तोही जुळला असता!

ही केवळ थट्टा नव्हे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थाला बायको-मुलींच्या देखत पकडून नेले, ते यंत्राने दुसऱ्याच माणसाशी त्याचा चेहरा जुळवला म्हणून. चार वर्षांनी झालेल्या तडजोडीत तिथल्या पोलिसांनी मान्य केले, की केवळ यंत्राच्या सांगण्यावरून कोणाला अटक करायची नाही. २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या दोन संशोधक स्त्रियांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी यंत्रे तपासली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शेकड्याला एकाहून कमी. सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका यंत्राची चूक शेकड्याला चौतीस. ज्यांचे चेहरे दाखवून यंत्राला शिकवले, त्यांनाच ते बरे ओळखते. आमच्या वाडीतल्या उन्हाने रापलेल्या चेहऱ्यांवर कोणते यंत्र शिकले असेल?

आणि हा प्रश्न आता दूरचा उरलेला नाही. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे बसले आहेत. खालापुराहून जाणाऱ्या गाडीचा नंबर ते वाचतात, वेग मोजतात, पट्टा बांधला की नाही ते टिपतात. बेफाम गाड्यांनी त्या रस्त्यावर जे बळी घेतले, ते आठवले की हे कॅमेरे नसावेत असे मी म्हणणार नाही. पुणे आणि मुंबईच्या विमानतळांवर २०२३ पासून चेहरा दाखवून आत जाता येते. मंत्रालयात २०२५ पासून प्रवेशाला चेहरा लागतो. आणि १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा पोषण आहार देताना लाभार्थीचा चेहरा यंत्राशी जुळवणे देशभर सक्तीचे झाले. हेतू चांगला आहे: मधल्यामध्ये धान्य कोणी खाऊ नये. अकबराचा हेतू तरी दुसरा काय होता?

पण कातकरी कुटुंब दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन वीटभट्टीवर जाते, ते पावसाच्या तोंडाशी परत येते. आई भट्टीवर, तान्हे मूल तिच्या कडेवर, थोरले आजीपाशी वाडीत. नोंदलेला चेहरा आईचा. शिधा घ्यायला आलेली म्हातारी दुसरी. शेजारीण पाहून ओळखते, अंगणवाडीची ताई ओळखते. यंत्राने ओळखायचे कसे? मी नाकारला गेलो तेव्हा माझ्यापाशी नातू होता, समई होती, आणि उद्या बँकेत जाण्याची सोय होती. ज्याच्यापाशी यातले काहीच नाही, त्याने ‘मी मीच आहे’ हे कोणाला जाऊन सांगायचे?

या बाबतीत आपला कायदा कुठवर आला आहे, तेही पाहू. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंग नावाच्या माणसाचे नाव पोलिसांच्या नोंदवहीत होते. पुरावा नसल्याने तो सुटला होता, तरी रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थापा पडत. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या थापा बेकायदा ठरवल्या, पण एरवीची पाळत चालू राहू दिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत लिहिले, की खासगीपण हा स्वातंत्र्याचाच भाग आहे. ते अल्पमत पंचावन्न वर्षांनी जिंकले. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या अर्जावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे; त्याला हात लावायचा तर त्यासाठी कायदा हवा, योग्य उद्देश हवा, आणि उपाय प्रमाणात हवा.

त्यानंतर २०२२ साली कैद्यांच्या ओळखीचा नवा कायदा आला. त्यात बोटांच्या ठशांबरोबर छायाचित्रे आणि डोळ्यांची बुबुळेही आली, आणि ही नोंद ७५ वर्षे ठेवण्याची तरतूद झाली. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. पण सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांपुरता स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. युरोपातल्या देशांनी २०२४ साली तो केला: रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे चेहरे पोलिसांनी यंत्राने जागच्या जागी ओळखत बसायचे नाही, हरवलेले मूल, दहशतीचा धोका असे मोजके अपवाद, आणि त्यालाही परवानगी हवी.

मी वकील नाही. पण एवढा इतिहास चाळल्यावर साध्या माणसाने काय मागावे, ते मला दिसते. चेहरे टिपायचे असतील तर आधी कायदेमंडळात उघड चर्चा होऊन कायदा व्हावा. ज्या कामासाठी चेहरा घेतला त्याच कामासाठी तो वापरावा; शिध्यासाठी घेतलेला चेहरा चौकीवर जाऊ नये. काम संपले की नोंद पुसावी. केवळ यंत्राच्या शब्दावर कोणाला पकडू नये, की कोणाचा घास अडवू नये. तोतयालासुद्धा आपल्याकडे चौकशी मिळाली होती. यंत्र नाही म्हणाले तर ओळखणाऱ्या माणसाचा शब्द चालावा. आणि आपल्या नावावर काय लिहिले आहे ते ज्याचे त्याला पाहता यावे, चुकले असेल तर खोडून घेता यावे.

यातले शेवटचे मागणे तर आपल्या बाजारपेठेला नवे नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कर्जतच्या पेठेत अजूनही काही दुकानांतून चोपडीची पूजा होते. माझे वडील तिथे उधारी ठेवीत. त्यांनी सांगितले की दुकानदार चोपडी फिरवून त्यांच्यासमोर धरी आणि म्हणे, “पाहा, बरोबर आहे ना?” ज्याचे खाते त्याला ते दाखवायचे, हा साधा वाणीधर्म होता. चेहऱ्यांची ही नवी चोपडी मात्र आपल्याकडे पाठ करून लिहिली जाते.

दाखला मिळाल्यावर त्या संध्याकाळी मी नातवाला आजीची गोष्ट सांगितली. त्याने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, “आजोबा, त्या वेळी दारावर कॅमेरा असता तर?” मला उत्तर सुचले नाही. तो मोबाईल खिशात घालून पणत्या लावायला गेला. मागच्या दाराशी त्याने एक पणती ठेवली. जरा वेळाने मी पाहिले, तर ती त्याने उंबरठ्यावर नाही, खाली पायरीवर ठेवली होती. पायांपुरता उजेड पडत होता.